मज्जातंतूंचे वेष्टन आणि मेरी बंगी यांची चिकाटी

‘नसा कमजोर झाल्या आहेत, ते लाल इंजेक्शन द्या,’ ही मागणी आमच्या व्यवसायातील प्रत्येकाने असंख्य वेळा ऐकलेली असते. पायांना मुंग्या येणे, तळवे बधिर होणे, चालताना चप्पल केव्हा निसटली हे न कळणे, कापसावर पाऊल पडल्यासारखे वाटणे, अंधारात तोल जाणे या साऱ्यांना आपण ‘नसांची कमजोरी’ हे एकच नाव देऊन मोकळे होतो. बिघाड नेमका कशात आहे, मज्जातंतूच्या मूळ धाग्यात की त्या धाग्यावरच्या वेष्टनात, हा प्रश्न रुग्ण विचारत नाही आणि घाईत असलेला डॉक्टरही तो समजावून सांगत नाही. वास्तविक सुधारणा होईल की नाही, किती होईल आणि तिला किती महिने लागतील, याचे बरेचसे गणित त्या उत्तरावर अवलंबून असते.

या वेष्टनाचे नाव मायलिन. जर्मन वैद्य रुडॉल्फ व्हिर्को यांनी १८५४ मध्ये हे नाव दिले. ग्रीक भाषेत मज्जेला जो शब्द आहे त्यावरून ते आले. आपल्या ‘मज्जातंतू’ या शब्दातही तीच मज्जा आहे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. मायलिन हा मुख्यत्वे स्निग्ध पदार्थ आहे. मेंदूतून स्नायूंकडे आणि त्वचेकडून मेंदूकडे जाणाऱ्या बारीक धाग्यांभोवती त्याचे अनेक पदर गुंडाळलेले असतात. मधे मधे ठरावीक अंतरावर वेष्टनात खंड असतो आणि विद्युत्संदेश एका खंडावरून दुसऱ्या खंडावर उड्या घेत धावतो. जाड वेष्टनाच्या तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेग गाठू शकतो, तर वेष्टन नसलेल्या तंतूतून जेमतेम एक मीटर. याचा अनुभव आपण सर्वांनी घेतलेला आहे. पायाला ठेच लागली की प्रथम लख्ख कळ येते आणि क्षणभराने मागून ठणका सुरू होतो. पहिली कळ वेष्टन असलेल्या तंतूंनी आणलेली असते आणि मागून येणारा ठणका उघड्या तंतूंनी.

हे वेष्टन कोण घालते, कसे घालते आणि एकदा गेले तर प्रौढ वयात ते पुन्हा येऊ शकते का? या तीन प्रश्नांमागे एका स्त्रीने आपले जवळजवळ सारे आयुष्य घालवले. तिचे नाव मेरी बार्टलेट बंगी. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही गोळीवर तिचे नाव नाही. परंतु पक्षाघाताच्या, मज्जातंतूंच्या किंवा मणक्याच्या इजेच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या कुटुंबांना तिच्या कामाची दिशा आणि विशेषतः त्या कामाची गती ठाऊक असावी, असे मला वाटते. कारण त्याच विषयाच्या नावाखाली आज आपल्या दाराशी बरेच काही विकायला येत आहे.

मेरी यांचा जन्म १९३१ साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, न्यू हेवन येथे झाला. बॉस्टनच्या सिमन्स महाविद्यालयातून पदवी घेऊन त्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात दाखल झाल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते डॉ. रॉबर्ट शिलिंग. आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी ‘शिलिंग टेस्ट’ हे नाव परीक्षेसाठी घोकलेले आहे. किरणोत्सारी खूण केलेले बी-१२ जीवनसत्त्व रुग्णाला गिळायला द्यायचे आणि लघवीत ते किती उतरते हे मोजून आतड्यातून त्याचे शोषण होते की नाही हे ठरवायचे, अशी ती चाचणी. आता ती मागे पडली आहे. जठरातून स्रवणारा एक घटक बी-१२ ला धरून ठेवतो, तेव्हाच ते रक्तात जाते. या घटकाविषयीच्या अभ्यासात मेरी यांनी शिलिंग यांच्याबरोबर काम केले.

म्हणजे मायलिनकडे वळण्यापूर्वीच त्यांची गाठ अशा जीवनसत्त्वाशी पडली होती, ज्याच्या अभावी मायलिन बिघडते. इथे थोडे थांबून मी आपल्याशी याविषयी बोलतो, कारण आपल्या घरांत हा विषय रोजचा आहे. बी-१२ वनस्पतिजन्य अन्नात नसते. दूध, दही, ताक, अंडी, मासे आणि मांस यांतून ते मिळते. शुद्ध शाकाहारी घरात, विशेषतः दूधही बेताचे घेणाऱ्या वृद्धांत, त्याची उणीव सहज निर्माण होते. वयाबरोबर जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातील बी-१२ सुटे होत नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेण्याची सवय लागलेल्यांत ही शक्यता आणखी वाढते. उणीव दीर्घकाळ राहिली की मज्जारज्जूच्या मागील भागातील मायलिनचे पदर फुगतात आणि विलग होतात. त्या भागातून पायांच्या स्थितीची जाणीव मेंदूकडे जाते. म्हणून असा रुग्ण उजेडात बरा चालतो, पण डोळे मिटून चेहऱ्यावर पाणी मारताना बेसिनपाशी झुकांड्या खातो. नादकाटा घोट्याच्या हाडावर टेकवला, तर त्याचे कंपन त्याला जाणवत नाही.

आता लाल इंजेक्शनाविषयी. ते बी-१२ चे असते आणि उणीव असेल तर ते खरोखर गुणकारी आहे. उणीव नसेल तर त्याचा रंगच काय तो लाल! म्हणून आधी रक्ताची तपासणी करावी, मग औषध. ज्यांना टोचून घेणे नको असते त्यांच्यासाठी जास्त मात्रेच्या गोळ्याही चालतात, कारण थोडा अंश त्या जठरघटकाशिवायही शोषला जातो. एक धोका मात्र लक्षात ठेवावा. केवळ फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत राहिल्यास रक्त सुधारते, चेहऱ्यावर तरतरी येते आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. आणि वेळेचे म्हणाल, तर अलीकडे सुरू झालेल्या मुंग्या बहुतेक वेळा जातात. चार वर्षे दुर्लक्षित राहिलेली बधिरता पूर्ण जाईलच असे नाही.

विस्कॉन्सिनमध्येच मेरी यांची भेट रिचर्ड बंगी या वैद्यकीय विद्यार्थ्याशी झाली. १९५६ साली त्यांचा विवाह झाला आणि पुढे चाळीस वर्षे संसार व प्रयोगशाळा दोन्ही एकत्र चालले. त्या काळी सर्वमान्य समज असा होता की मेंदू आणि मज्जारज्जू यांत प्रौढपणी जे गेले ते गेले. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या विकारात वेष्टन नष्ट होते, हे ठाऊक होते. ते परत येऊ शकते, असे कोणी दाखवून दिलेले नव्हते. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसणेही कठीण होते, कारण मायलिनचे पदर इतके पातळ असतात की ते वेगवेगळे दिसण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा. हे यंत्र तेव्हा नवे होते आणि पेशींचे काप तयार करण्याची कला त्याहून नवी. मेरी यांनी ती हस्तगत केली आणि हॅन्स रिस या पेशीशास्त्रज्ञाच्या हाताखाली १९६० मध्ये डॉक्टरेट मिळवली.

त्यांचा निर्णायक प्रयोग प्रौढ मांजरांवर झाला. मज्जारज्जूभोवतीचा द्रव सुईने काढून पुन्हा आत सोडण्याची क्रिया वारंवार केली, की मज्जारज्जूच्या पृष्ठभागाजवळचे मायलिन गळून पडत असे. मधले धागे मात्र बहुतांशी शाबूत राहत. मग वेगवेगळ्या दिवशी त्या भागाचे काप घेऊन मेरी ते पाहत गेल्या. पहिल्या काही दिवसांत उघडे पडलेले धागे दिसले. तीन आठवडे पूर्ण होण्याआधीच काही धाग्यांवर नव्या वेष्टनाचे पहिले पदर दिसू लागले. सुमारे दोन महिन्यांनी पाहिले, तेव्हा उघड्या पडलेल्या धाग्यांवर निदान पातळ का होईना, आवरण आलेले होते. नवे वेष्टन मूळच्या इतके जाड कधी झाले नाही. आजही सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याच्या मानाने फार पातळ मायलिन दिसले, तर तज्ज्ञ ती दुरुस्तीची खूण मानतात.

मेरी व रिचर्ड बंगी आणि हॅन्स रिस यांचा हा शोधनिबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढ सस्तन प्राण्याच्या मज्जारज्जूत मायलिन पुन्हा तयार होते, याचा तो पहिला स्पष्ट पुरावा होता. निर्दोष प्राण्यांवरचे हे प्रयोग वाचताना मन खट्टू होते हे खरे, पण त्यातून जे कळले त्याची किंमत कमी लेखता येत नाही. त्याच निबंधात एक रेखाचित्र आहे. मध्यभागी एक पेशी आहे आणि तिच्यापासून हात निघून शेजारच्या धाग्यांवरील वेष्टनांना जाऊन मिळाले आहेत. या चित्राच्या आवृत्त्या पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापल्या गेल्या. आमच्या एमबीबीएसच्या पुस्तकात ते चित्र होते. ते कोणाचे, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

चित्रातील ती पेशी म्हणजे ऑलिगोडेंड्रोसाइट. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९२१ मध्ये तिचे वर्णन केले होते आणि मायलिन तीच तयार करत असावी, असा तर्कही केला होता. परंतु पेशी आणि वेष्टन प्रत्यक्ष जोडलेले आहेत हे दाखवणे बाकी होते. बंगी दांपत्य न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले, तेव्हा जॉर्ज पॅपस यांच्यासह त्यांनी मांजरीच्या पिल्लांच्या वाढत्या मज्जारज्जूत हा जोड दाखवला. साल १९६२. या काळात मुले लहान होती आणि मेरी काही वर्षे अर्धवेळ काम करत होत्या.

मेंदू व मज्जारज्जूतील ऑलिगोडेंड्रोसाइट ही पेशी एकाच वेळी अनेक, कधी चाळीस-पन्नास, तुकड्यांना वेष्टन घालते. हातापायांतील मज्जातंतूंत हे काम श्वान पेशी करतात. (इथे कुत्र्याचा काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांचे हे नाव.) एक श्वान पेशी एकाच तुकड्याची जबाबदारी घेते. आपल्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पन्नास घरांना वीज देणारा एक खांब पडला तर पन्नास घरे अंधारात जातात. प्रत्येक घराची जोडणी वेगळी असेल तर एकच घर. त्यातून श्वान पेशी इजा झाल्यावर पुन्हा विभागतात, मोडलेल्या वेष्टनाचा कचरा उचलतात आणि तुटलेल्या धाग्याला वाढीची वाटही करून देतात. हातापायातील तुटलेला धागा साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर या गतीने वाढतो. मज्जारज्जूत तसे घडत नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस म्हणजे गिया-बारे विकाराची साथ आली, ती आपल्याला आठवत असेल. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. या विकारात एखाद्या जंतुसंसर्गानंतर शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांतून सुरू झालेली अशक्तता काही दिवसांत वर चढते. श्वासाचे स्नायू दुबळे होऊ शकतात, म्हणून जिना चढताना पाय अचानक उचलेनासे झाले, हातातून भांडे सुटू लागले आणि हे दिवसागणिक वाढत गेले, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. यातील काही रुग्णांत हल्ला केवळ वेष्टनावर होतो, तर काहींत मूळ धाग्यावर. वेष्टनावर झालेला हल्ला सहसा लवकर भरून येतो, कारण श्वान पेशी कामाला लागतात. धागाच तुटला असेल, तर दिवसाला मिलिमीटर या चालीने त्याला कंबरेपासून पावलापर्यंत जायचे असते. अंतर आपणच मोजून पाहा.

हा फरक आपल्यालाही तपासणीच्या कागदावर पाहता येतो. मज्जातंतूंच्या वहनाची चाचणी, जिला सर्वजण एनसीव्ही म्हणतात, तीत दोन गोष्टी मोजलेल्या असतात : संदेशाचा वेग आणि त्याची उंची. वेग फार मंदावला असेल तर बिघाड मुख्यतः वेष्टनात असतो. उंची घटली असेल तर बहुधा धाग्यात. मधुमेहातील बधिरतेत बहुतेकदा धागेच झिजलेले असतात आणि म्हणूनच तिथे साखर आटोक्यात ठेवणे व पावलांची निगा राखणे यांना पर्याय नाही. आपल्या वडिलांच्या किंवा पत्नीच्या अहवालात यांपैकी काय आहे, एवढा एक प्रश्न मज्जाविकारतज्ज्ञाला अवश्य विचारा. उत्तरावरून पुढील सहा महिन्यांची कल्पना येते. फिजिओथेरपीचा कंटाळा केव्हा करू नये, तेही कळते.

१९७० मध्ये बंगी दांपत्य सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. तिथली जवळजवळ वीस वर्षे माझ्या मते त्यांच्या कामाचा सर्वात सुंदर काळ. मज्जातंतूचे धागे आणि श्वान पेशी काचेच्या बशीत वेगवेगळ्या वाढवून मग एकत्र आणण्याची पद्धत त्यांच्या प्रयोगशाळेने बसवली. पॅट्रिक वुड हे त्यात त्यांचे महत्त्वाचे सहकारी. त्यातून असे दिसले की श्वान पेशी आपण होऊन काही करत नाही. धाग्याचा स्पर्श झाला की ती विभागू लागते; धागा नसेल तर नुसती पडून राहते. वेष्टन कसे गुंडाळले जाते, हेही त्यांनी जिवंत पेशींच्या हालचाली टिपून पाहिले. फेटा बांधताना नवा फेर जुन्या फेरावर येतो. इथे उलटे घडते. धाग्याला चिकटलेली आतली कड पुढे पुढे सरकत राहते, आणि नवा फेर जुन्याच्या खालून जातो.

याच काळातील एक निष्कर्ष थोडा सविस्तर सांगतो, कारण त्यातून पुढे जे घडले ते आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. बशीतील श्वान पेशी धाग्याशेजारी जाऊन बसत, पण काही वेळा वेष्टन घालत नसत. १९८७ मध्ये या गटाने दाखवले की पोषक द्रवात ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपले क जीवनसत्त्व, घातले की पेशीभोवती आधाराचा एक पातळ थर तयार होतो आणि मग ती वेष्टन घालू लागते. शार्को-मारी-टूथ नावाचा एक आनुवंशिक विकार आहे, ज्यात हातापायांतील मायलिन नीट बनत नाही. पुढे तशाच विकाराच्या उंदरांना क जीवनसत्त्व भरपूर दिले, तेव्हा त्यांच्यात सुधारणा दिसली. साहजिकच आशा निर्माण झाली. युरोप-अमेरिकेत शेकडो रुग्णांना दीर्घकाळ मोठ्या मात्रा देऊन पद्धतशीर चाचण्या झाल्या. फायदा दिसला नाही. बशीत खरे ठरलेले, उंदरात खरे ठरलेले, माणसात ठरले नाही. आवळा, पेरू, लिंबू जरूर खावे. त्याला हजार कारणे आहेत. मात्र ‘नसांसाठी’ म्हणून महागड्या गोळ्यांची बाटली कोणी पुढे केली, तर ही हकीकत आठवावी.

१९८९ मध्ये, मेरी ५८ वर्षांच्या असताना, दोघे मायामीला गेले. आपल्याकडे या वयात निवृत्तीच्या नियोजनाच्या गोष्टी सुरू होतात. मायामी विद्यापीठात ‘मायामी प्रोजेक्ट टू क्युअर पॅरॅलिसिस’ ही संस्था १९८५ साली उभी राहिली होती. त्याच वर्षी मार्क बुऑनिकाँटी हा तरुण फुटबॉलच्या सामन्यात मान मोडून हातापायांनी पंगू झाला होता. त्याचे वडील निक स्वतः नावाजलेले फुटबॉलपटू होते. बार्थ ग्रीन या मेंदूशल्यविशारदाबरोबर त्यांनी ही संस्था स्थापन केली. रिचर्ड तिचे वैज्ञानिक संचालक झाले. आता काम बशीतल्या पेशीपुरते राहिले नव्हते. अंथरुणाला खिळलेली मुले आणि त्यांचे आईबाप उत्तराची वाट पाहत होते.

कल्पना सांगायला सोपी आहे. हातापायांतील श्वान पेशी दुरुस्ती करतात, मज्जारज्जूत त्या नसतात. मग रुग्णाच्याच पायातील एका लहानशा मज्जातंतूतून त्या काढाव्यात, प्रयोगशाळेत वाढवाव्यात आणि मज्जारज्जूच्या जखमेत सोडाव्यात. पेशी स्वतःच्याच असल्याने शरीर त्या नाकारणार नाही. रिचर्ड यांनी हा विचार सत्तरच्या दशकातच मांडला होता. प्रत्यक्षात प्रत्येक पायरी अवघड निघाली. माणसाच्या श्वान पेशी पुरेशा संख्येने वाढवणे, त्या जखमेत जिवंत राहणे, धागे त्या पुलावर चढणे, आणि सर्वात बिकट म्हणजे पूल ओलांडून पलीकडच्या मज्जारज्जूत उतरणे. धागे पुलावर चढत आणि टोकाशी येऊन थबकत.

१९९६ मध्ये रिचर्ड यांचे कर्करोगाने निधन झाले. मेरी ६५ वर्षांच्या होत्या. त्यांनी प्रयोगशाळा चालू ठेवली. २००४ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांत श्वान पेशींच्या जोडीला आणखी दोन उपाय योजून चालण्यात सुधारणा झाल्याचे दाखवले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माणसांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीला परवानगी दिली. किती जणांवर? सहा. छातीच्या पातळीवर मज्जारज्जूला ताजी व पूर्ण इजा झालेल्या सहा जणांच्या पोटरीमागील मज्जातंतूतून पेशी घेऊन, वाढवून, काही आठवड्यांच्या आत त्या जखमेत सोडण्यात आल्या. वर्षभर पाठपुरावा झाला आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशींमुळे गंभीर अपाय झाला नाही, एवढेच त्यांत ठामपणे म्हटले होते. रुग्ण चालू लागले असा दावा नव्हता. चाचणीचा तो उद्देशही नव्हता. त्याच सुमारास, २०१६ मध्ये, ८५ वर्षांच्या मेरी यांनी एका शोधलेखात श्वान पेशींचे सारे काम एकत्र मांडले. एकट्या पेशी पुरत नाहीत, त्यांना इतर उपायांची जोड द्यावी लागते, असा त्या लेखाचा सूर आहे. २०२४ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१९६१ ते २०१७ : छप्पन्न वर्षे. आता त्याशेजारी आपल्याकडील चित्र ठेवून पाहा. माझ्या माहितीतील एका शेतकरी कुटुंबातील मुलगा झाडावरून पडून कमरेखाली लुळा झाला. मोठ्या शहरातील एका केंद्राने ‘स्टेम सेल’ची चार इंजेक्शने सांगितली, तीन महिन्यांत फरक पडेल, असे आश्वासन दिले. घरच्यांनी दीड एकर विकले. इंजेक्शनात नेमके काय होते, हे कागदावर कुठेही लिहिलेले नव्हते. मुलाच्या पायांत काही फरक पडला नाही. दरम्यानच्या धावपळीत त्याच्या माकडहाडाशी झालेल्या जखमेकडे मात्र सर्वांचे दुर्लक्ष झाले आणि ती भरायला सात महिने लागले. त्याच्या आईला मी दोष देत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही कदाचित दार ठोठावले असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही विकारांसाठी होणारे रक्तपेशींचे प्रत्यारोपण वगळता, इतर आजारांवर स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. नेहमीचा उपचार म्हणून तो देता येत नाही. अशा चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून शुल्क घ्यायचे नसते. आपल्या देशात या चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे होते आणि प्रत्येक चाचणीला नोंदणी क्रमांक असतो. तेव्हा तो क्रमांक मागावा. घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या नातवाला सांगितले तर तो दहा मिनिटांत पडताळून देईल. सुईतून कोणत्या पेशी जाणार, त्या कोठून घेतल्या, आधी किती माणसांना दिल्या आणि वर्षभराने त्यांचे काय झाले, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. पैसे मागितले जात असतील, तर बाकीचे प्रश्न विचारण्याचीही गरज नाही.

आणि तो पैसा हाताशी असेलच, तर हवेची किंवा पाण्याची चांगली गादी, दर दोन तासांनी कूस बदलायला मदतीचा एक माणूस, लघवीच्या नळीची स्वच्छ निगा आणि नियमित फिजिओथेरपी यांवर तो खर्च करावा. त्या मुलाच्या घरी आता तसेच चालले आहे. जखम पुन्हा झालेली नाही. चाकांच्या खुर्चीतून तो भावाच्या किराणा दुकानात बसतो आणि हिशेब त्याच्याकडे आहे.